पिन काढली का?

"आज या अ‍ॅम्प्लिफायरचं शेपूट छाटतो," जावईबापूंनी सकाळीच जाहीर केलं.

बायकोचा चहा घशात अडकला. अ‍ॅम्प्लिफायर तिच्या बाबांचा. मुलगी देताना त्यांनी एवढे आढेवेढे घेतले नव्हते. "नुसतं ऐकायचं, आत हात घालायचा नाही," असं बजावून दिलेला, आणि संध्याकाळी ते स्वतः ऐकायला येणार होते.

"अहो, चांगला वाजतोय की. कशाला उगाच?"

"अगं, ही विजेची मरतुकडी वायर याला कायमची चिकटवलेली आहे. तिथे सॉकेट बसवतो. मग माझी जाड वायर हवी तेव्हा लावा, हवी तेव्हा काढा. बाबा पाठ थोपटतात की नाही बघ."

जाड वायर बागेतल्या पाण्याच्या नळीएवढी होती.

झाकणाच्या एका स्क्रूत धूळ बसली होती. "एखादी बारीक पिन दे गं," जावईबापू म्हणाले. बायको ड्रॉवर उचकू लागली. तेवढ्यात धूळ नखानेच निघाली, झाकण उघडलं आणि पिनेचं ते साफ विसरले. बायको विसरली नव्हती.

जुनी वायर कपाटामागून भिंतीतल्या सॉकेटपर्यंत गेलेली. जावईबापूंनी कटर उचलला. "अगं, पिन काढ."

ड्रॉवरमध्ये पिन नव्हतीच. बायकोने अंबाड्यातली उपसली. "काढली."

"नक्की ना?"

"हातात आहे माझ्या."

त्यांनी कटर दाबला.

फाट्कन आवाज झाला, निळा जाळ उडाला, पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला. जावईबापू एकदम कोचावर. तिथवर कसे पोचले, ते त्यांनाही कळलं नाही. कटरच्या रबरी मुठींनी जीव वाचवला होता. समोर बायको, केस मोकळे, हातात पिन.

"ही... घ्या ना."

"भिंतीतली पिन गं," ते कसेबसे म्हणाले.

"मग तसं सांगायचं ना. मघाशी बारीक मागितलीत."

जावईबापूंना जिवापेक्षा अ‍ॅम्प्लिफायरचा घोर जास्त. जळला असेल तर बाबांना तोंड कसं दाखवायचं? भिंतीतली पिन त्यांनी स्वतः उपसली, डोळ्यांसमोर ठेवली, सॉकेट बसवलं आणि उडालेला फ्यूज बदलला. बटण दाबताना दोघांनीही डोळे मिटले. वाजला.

संध्याकाळी सासरे ऐकत राहिले. "आवाज खुललाय. काय केलंत, जावईबापू?"

जावईबापू फुलले. निळा जाळ वगळून त्यांनी सगळं सांगितलं.

"म्हणजे वायर आता सुटी होते?"

"एका झटक्यात."

"छान झालं. कधीचा परत न्यायचा होता मला. पण वायर अडकलेली त्या कपाटामागे, आणि ते धूड हलवायचं जिवावर यायचं. तुमची वायर राहू दे तुम्हाला."

सकाळच्या धक्क्यात निदान आवाज तरी झाला होता. आता जावईबापूंचं तोंड नुसतंच उघडं राहिलं.

सासरे मुलीकडे वळले. "बाळ, पिन काढ."

या वेळी तिने केसांना हातही लावला नाही.