साडूचा ट्रॅक्टर नको

रूने बेरिलुंडला राग यायला एरवी कारण लागत नसे. या खेपेला मात्र कारण होतं आणि त्याचं नाव होतं एस्किल.

एस्किल म्हणजे रूनेचा साडू. बायकोच्या थोरल्या बहिणीचा, मार्गितचा नवरा. दोघा साडूंच्या छोट्या कॅरॅव्हॅन दर उन्हाळ्यात ल्युंगशो तळ्याकाठी शेजारीशेजारी उभ्या राहत. जागा फर्मास होती, पण ती एका गवताळ चढाच्या माथ्यावर होती. मे महिन्यात बर्फ वितळून तो चढ साबणासारखा निसरडा होई. रूनेची जुनी गाडी कॅरॅव्हॅनला पायथ्यापर्यंत इमानेइतबारे ओढत आणी आणि तिथे चाकं जागच्या जागी फिरवत बसे. गेल्या वर्षी तर तिने उडवलेला चिखल कॅरॅव्हॅन-तळाच्या समितीच्या अध्यक्षा इंगेबोर्गबाईंच्या कॉफीच्या कपात पडला होता.

मग एस्किल येई. ट्रॅक्टर घेऊन. एक अक्षर न बोलता साखळी अडकवी, कॅरॅव्हॅन वर नेऊन ठेवी आणि टोपी सारखी करत खाली उतरे. रूने पैसे पुढे करी.

"वेडा आहेस का? नातेवाईक आपण."

बिअर पुढे करी.

"अरे, नातेवाईक आपण!"

इथेच रूनेच्या तळपायाची आग मस्तकात जाई. मदत घ्यायची आणि परतफेड करायची नाही, म्हणजे आमच्या उत्तरेत अंगणात उघडंवाघडं उभं राहिल्यासारखं आहे. त्यातून एस्किलला अकॉर्डियन वाजवायचा नाद होता. (वाजवायचा म्हणजे त्याचा समज. खरं तर तो दर संध्याकाळी त्या वाद्याला छळून त्याच्याकडून काहीतरी कबूल करून घ्यायचा प्रयत्न करी.) आणि ज्याच्या ट्रॅक्टरने आपण वर आलो, त्याला 'बंद कर ते' असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? रूने सगळा उन्हाळा दातओठ खात ते ऐके आणि वर मान डोलवी.

ईस्टरला मार्गितकडे अंडी आणि हेरिंग मासे खाताना एस्किलने सहज विचारलं, "मग, यंदा ट्रॅक्टर केव्हा आणू?"

रूनेने काटा खाली ठेवला. "यंदा माझी कॅरॅव्हॅन ट्रॅक्टरशिवाय चढेल."

"कशी? उडत?"

"ती माझी गाडी बघून घेईल. आणि चढली, तर तुझी पेटी तळ्याच्या पलीकडच्या काठावर वाजवायची. कबूल?"

"आणि नाही चढली तर?"

"तर माझ्या कॅरॅव्हॅनपुढच्या तंबूत येऊन वाजव!"

"कबूल," एस्किल म्हणाला आणि त्याने आणखी एक अंडं सोललं. टेबलाखालून रूनेच्या बायकोने, गुन्वोरने, त्याच्या पायावर पाय दिला, पण तोवर उशीर झाला होता.

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "आता चारही चाकं ओढणारी गाडी घ्यावी लागणार. घे मग एखादी ऐसपैस, मागे कुत्र्याला जागा असलेली. चारचौघं घेतात तशी."

"तसली एस्किलकडे आहे."

"मग जीप बघ."

"दोन माणसं, एक कुत्रा आणि टीचभर कॅरॅव्हॅन. त्याला हत्ती कशाला? मी सेडान घेणार. जुनी, पण चारही चाकं ओढणारी. रुबाबदार."

"आणि मोल्ले कुठे बसेल? डिकीत?"

मोल्ले म्हणजे कुत्रा. तो वासराएवढा होता. रूनेने रेडिओ मोठा केला.

मग सुरू झाला शोध. पहिल्या गाडीच्या तळाला इतका गंज होता की पाय ठेवल्यावर रस्ता दिसत होता. दुसरीची मागची चाकं नुसती शोभेला होती, मालक म्हणाला, "फिरतात की! पुढची फिरली की मागे तीही फिरतात." तिसरी खरोखर उत्तम होती. फक्त तिच्यात कुणीतरी आंबवलेल्या माशांचा डबा सांडला होता. मालक सगळ्या काचा उघड्या टाकून, लोकरी टोपी घालून आत बसला होता. "सवय होते," तो डोळे पुसत म्हणाला. प्रत्येक ठिकाणी आधी कॉफी, मग दालचिनीचा बन, मग गाडीच्या जन्मापासूनची कहाणी! रूनेचं डोकं उठलं. यापुढे कुणाची कॉफी प्यायची नाही, त्याने ठरवलं. कुणाचा एका कपाचा उपकारही नको.

(हा निर्णय लक्षात ठेवा. रूनेनेही तो नंतर बराच काळ लक्षात ठेवला.)

चौथी गाडी जंगलातल्या रस्त्याच्या पार टोकाला होती. मालक टूरे नावाचा एक संथ, दाढीवाला लाकूडतोड्या. गाडी त्याच्या मुलीची. तिला आता परवाना मिळाला होता, म्हणून विकायची होती. निळी सेडान, चारही चाकं ओढणारी, मागे दणकट हुक. रूनेने आत डोकावून पाहिलं तर मागची सीटच काढलेली. तिथे जाड गालिचा! त्याला उचंबळून आलं. मोल्लेचा प्रश्न मिटला होता.

"आत ये," टूरे म्हणाला. "कॉफी ठेवलीय."

"कॉफी नको."

टूरेचा चेहरा पडला. त्या भागात कामाचं बोलणं कॉफीच्या पहिल्या कपाला कुणी काढत नाही. पहिल्या कपाला हवापाणी, दुसऱ्याला काम. कॉफीच नाही म्हटल्यावर त्याला सुरुवात कुठून करावी ते कळेना. तरी तो म्हणाला, "एक सांगायचं होतं, ही गाडी—"

"मला गाड्यांतलं शिकवू नकोस. चावी दे."

रूनेने गाडी जंगलातल्या रस्त्यावर नेऊन आणली. एप्रिलचा अर्धवट बर्फ होता, त्यावर तीसच्या वर वेग कोण शहाणा नेईल? गाडी जरासुद्धा घसरली नाही. मग टूरेने फरच्या झाडाचा एक आडवा पडलेला ओंडका हुकाला बांधला. गाडीने तो चढावरून असा ओढला, की रूनेच्या डोळ्यांपुढे एस्किल पेटी घेऊन पलीकडच्या काठावर एकटा बसलेला दिसू लागला.

"ताकद बघ!"

"ताकद आहे," टूरे म्हणाला. "पण त्याचं काय आहे—"

"भाव कमी होणार नाही, हेच ना? दिला भाव!"

"तसं नाही. एक घोट घेतलास तर नीट—"

"एक घोटही नाही!" रूने ओरडला. व्यवहार तिथल्या तिथे, फोनवरून पैसे पाठवून उरकला. (कागदपत्रांत काय लिहिलं होतं ते विचारू नका. चष्मा गुन्वोरच्या पर्समध्ये होता.)

मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्याने पाय दाबला. काटा तीसवर गेला आणि तिथेच बसला. त्याने पाय आणखी दाबला. शिव्या दिल्या. मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजू लागले. समोरून तशीच संथ, कानठळ्या बसवणारं संगीत लावलेली एक गाडी आली. आत पंधरा-सोळा वर्षांच्या दोन मुली होत्या. त्यांनी दिवे मिचकावून आपल्या माणसाला करावा तसा रूनेला सलाम केला. पुढच्या वळणावर तशाच आणखी एका गाडीने केला.

 रूनेने पेट्रोल पंपावर थांबून गाडीच्या मागचा चिखल आणि बर्फ बाहीने पुसला. आतून लाल काठाची तिकोनी पाटी निघाली. संथ वाहनाची.

आमच्याकडे मोटारीचा परवाना अठराव्या वर्षी मिळतो, ट्रॅक्टर मात्र पंधराव्या वर्षापासून चालवता येतो. म्हणून पोरांसाठी लोक चांगल्या मोटारीचा वेग बांधून टाकतात, मागची सीट काढतात आणि तिची नोंद ट्रॅक्टर म्हणून करून घेतात. दिसायला मोटार. कायद्याने ट्रॅक्टर.

रूनेने फोन लावला. "अरे चोरा! तू मला ट्रॅक्टर विकलास!"

"हो," टूरे शांतपणे म्हणाला. "दुसऱ्या कपाला सांगणार होतो."

घरी गुन्वोर हसली, ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून घसरून खाली बसेपर्यंत हसली. "साडूचा ट्रॅक्टर नको म्हणून घरचा ट्रॅक्टर आणलास?"

"उद्या वेग सोडवून घेतो. परत मोटार करतो."

पण त्यासाठी लागणाऱ्या सरकारी तपासणीची तारीख मिळाली जुलैत, आणि जागा ताब्यात घ्यायची होती मेमध्ये. माघार घ्यायची, तर एस्किलला फोन करावा लागला असता. त्यापेक्षा रूने कॅरॅव्हॅन स्वतःच्या खांद्यावरून घेऊन गेला असता.

तेव्हा मेच्या त्या शनिवारी बेरिलुंड कुटुंब तीसच्या वेगाने निघालं. तिकोनी पाटी आता कॅरॅव्हॅनच्या पाठीवर होती. मागे अर्धा जिल्हा तुंबला होता. गुन्वोरने निघताना एक मोजा विणायला घेतला. पोचेपर्यंत जोड झाला. ओलांडून जाणारा प्रत्येक जण काच खाली करून काहीतरी बोलून जाई आणि रूने त्याला दुप्पट ऐकवी, पण तोवर तो पुढच्या गावात पोचलेला असे.

"काच वर कर," गुन्वोर म्हणाली. "मोल्ले काय शिकेल?"

मग एका चढावर आरशात काहीतरी मोठं, हिरवं दिसू लागलं. ते धुराचे लोट सोडत, गुरगुरत शेजारी आलं. ट्रॅक्टर! त्याच्यामागे कॅरॅव्हॅन आणि आसनावर एस्किल. एस्किलने टोपी उचलून नमस्कार केला आणि साडूला ओलांडून तो पुढे निघून गेला.

 "त्याने पाटी पाहिली असेल का?" रूनेने विचारलं.

"ती दिसावी म्हणूनच लावतात रे," गुन्वोर म्हणाली.

तळाच्या फाटकापाशी त्याने ती पाटी काढली आणि बुडाखाली घेऊन तिच्यावर बसला. ती बोचत होती. चढाच्या पायथ्याशी एस्किलचा ट्रॅक्टर झाकण उघडून उभा होता आणि आतून जळका वास येत होता. वाटेतल्या त्या चढावर रूनेला ओलांडण्याच्या नादात क्लच जळला होता. वरच्या बाजूला सगळा तळ खुर्च्या टाकून, थर्मास उघडून बसला होता. इंगेबोर्गबाईंनी कपावर हात धरला होता.

रूनेने गाडी चढाला लावली.

आणि ती चढली! चारही चाकांनी गवत पकडलं, हळूहळू, पण एक वीतही न घसरता. मोल्ले भुंकला. लोक टाळ्या वाजवू लागले. माथ्यावर येऊन थांबताना रूनेच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो इथे कुणाच्याही उपकाराशिवाय आला होता. तो ऐटीत खाली उतरला, सगळ्यांकडे पाठ करून त्याने तळ्याकडे बोट दाखवलं आणि गरजला, "एस्किल! पलीकडचा काठ तो! ट्रॅक्टरशिवाय चढलोय मी!"

टाळ्या थांबल्या. मग कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. रूनेने मागे हात लावून पाहिला. पाटी टांगायचा हुक त्याच्या स्वेटरमध्ये अडकला होता आणि ती लाल तिकोनी पाटी त्याच्या पार्श्वभागी लटकत होती.

निवाडा इंगेबोर्गबाईंनी केला. "कायद्याने तो ट्रॅक्टरच. पण स्वतःचा. तेव्हा कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही. पैज रद्द."

रूने चरफडत होता, तेवढ्यात एस्किल जवळ आला. त्याने टोपी काढून हातात घेतली. "रूने," तो कसाबसा म्हणाला, "माझा क्लच गेलाय. तुझ्या त्या... गाडीने माझी कॅरॅव्हॅन वर घेशील?"

रूनेचा राग क्षणात उतरला. पैज गेली खड्ड्यात! एस्किल आता त्याचा मिंधा होणार होता. सगळा उन्हाळा! त्याने एक अक्षर न बोलता साखळी अडकवली, कॅरॅव्हॅन वर नेली आणि आपल्या शेजारी लावून दिली. एस्किलने पैसे पुढे केले.

"वेडा आहेस का?" रूने प्रत्येक शब्द चघळत म्हणाला. "नातेवाईक आपण."

एस्किलने बिअर पुढे केली.

"अरे, नातेवाईक आपण!"

एस्किलचा चेहरा असा उतरला, की रूनेला गुन्वोरच्या हातचं जेवण त्या दिवशी दुप्पट गोड लागलं.

जेवण झाल्यावर तंबूची चेन सरकली. एस्किल आत आला. छातीशी अकॉर्डियन होतं.

"पैज रद्द झालीय!" रूने ओरडला.

"पैजेचं नाही हे," एस्किल म्हणाला. तो खुर्ची ओढून अगदी जवळ बसला. "फुकट उपकार घ्यायची सवय नाही मला. तू पैसे घेत नाहीस, बिअर घेत नाहीस. माझ्याकडे देण्यासारखं हे एवढंच आहे. ऑगस्ट संपेपर्यंत, रोज संध्याकाळी, फक्त तुझ्यासाठी."

रूनेने बायकोकडे पाहिलं. गुन्वोर कॉफी ओतत होती.

"रूने," ती म्हणाली, "नातेवाईक आपण. नाही कसं म्हणणार?"