हा कुणासाठी फिरतोय?

लेले साहेब खोलीत आले की आदी मान्सांकडं न्हाय, वर पंख्याकडं बघतात. "हा कुणासाठी फिरतोय?" खाली मानूस बसलेला असला तरी इचारतात! एकदा मोठ्या साहेबांची मीटिंग चाललेली. हे आत गेले, चारातले तीन पंखे बंद केले आणि सगळ्या प्रोफेसरांना एका पंख्याखाली सरकवलं. कोंबड्या डालल्यावानी.

आमचा कोळीवाडा थळ गावाच्या अंगाला, दर्याकाठी, वर टेकाडावर हे विद्यापीठ. मी तिथं झाडू मारते, साहेब विजेचा कारभार बघतात. छपरावर सोलरच्या काळ्या प्लेटी त्यांनीच भांडून बसवून घेतल्या. त्यांना पोरींवानी जपतात. कावळा बसला तर खालून टाळ्या वाजवतात.

मला विजेचं कवतिक कमी. नवरा होडीसंगं गेला, तवापासून दोन पोरी चिमणीच्या उजेडात वाढवल्या. रडत बसून जवळा सुकत न्हाय.

आणि जवळ्यापायीच माझं काम जायची पाळी आली. पाऊस नुकता सरलेला, अंगण ओलं, घरात टोपलीभर ओला जवळा, ती बारीक कोलंबी. छपरावर झाडायला गेली, तर त्या प्लेटी कशा मस्त तापलेल्या, तोंड सूर्याकडं. एवढं चांगलं खळं रिकामं कशाला? घरनं टोपली आणली, लुगडं पसरलं, वर जवळा पसरला. मला बघून आणखी दोघी बाया टोपल्या घेऊन आल्या.

दुपारला साहेब धापा टाकत वर. डोक्यावर घारी फिरतायत.

"मावशी! खाली वीज अर्ध्यावर आली आणि वर तुम्ही सुकट घालताय?"

"ऊन फुकट चाललंवतं, साहेब. तुमीच बोलता ना, काय वाया घालवू नका?"

साहेबांनी घारींवर टाळ्या वाजवल्या आणि खाली गेले.

पन आमचा झाडूवाल्यांचा कंत्राटदार न्हाय ऐकला. "सोमवारपासून येऊ नको, म्हातारे. लेले साहेब बोलले तरच ठेवीन." या वयात मला दुसरं काम कोन देतंय? रविवारी दुपारी गेली साहेबांच्या क्वाटरवर. हातात त्याच जवळ्याची पुडी.

दार उघडं. साहेब आत गॅसजवळ चहा करतायत, घामानं निथळतायत. भायेरच्या खोलीत कोन न्हाय. खिडकीपाशी एक रिकामी खुर्ची आणि तिच्यावर पंखा, गरागरा.

मला हसूच आलं. "साहेब, हा कुणासाठी फिरतोय?" बोलली आणि हात बटनाला नेला.

"राहू द्या, मावशी." ते दारात येऊन उभे राहिले. मग खुर्चीकडं बघत बोलले, "हिला उकडायचं फार. मी सारखा बंद करायचो."

त्यांची बायको वारली ते मला ठाव होतं. पंख्याचं ठाव नव्हतं.

मी हात खाली घेतला. कामाचं मी इचारायच्या आदी तेच बोलले, "उद्या लवकर या. मला प्लेटी पुसायला माणूस हवंय. कंत्राटदाराला सांगतो मी. आणि जवळा खालच्या ओट्यावर घाला, तिथंही ऊन येतं."

"व्हय," बोलली. पुडी टेबलावर ठेवली. निघायचं, तर पाय निघेना. मग त्या खुर्चीच्या पायथ्याशी फरशीवर बसली, पदरानं मान पुसली.

"माजा पन चहा टाका, साहेब," मी बोलली. "आता माज्यासाठी फिरतोय."