शून्य तक्रारींचा ठपका

येरवड्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आम्रपाली गजभिये हिच्यावर गंभीर ठपका ठेवण्यात आला. तिचा प्रोग्राम चालत होता.

दवाखान्यांत पेशंटचे नंबर लावणारा हा प्रोग्राम. डॉक्टरांचा महागडा फोन असो, कंपाउंडरचा काच तडकलेला फोन असो, की टेबलावरचा म्हातारा संगणक, सगळीकडे तो बिनबोभाट चालायचा. कारण आम्रपालीने तो जगभरच्या कंपन्यांनी मिळून ठरवलेल्या स्टँडर्डप्रमाणे लिहिला होता. आठ महिने कुणी ब्र काढला नाही. यालाच चांगलं काम म्हणतात, असा त्या भाबड्या मुलीचा समज होता.

वार्षिक मूल्यमापनात तिचे साहेब अनिरुद्ध सरांनी तक्ता उघडला. "निवारण केलेल्या तक्रारी?"

"शून्य, सर."

"योगेशच्या चारशे बारा आहेत."

तिच्याच टीममधल्या योगेशने प्रत्येक यंत्रासाठी वेगळा प्रोग्राम लिहिला होता आणि त्यातला एक तरी रोज बंद पडायचा.

"सर, स्टँडर्ड पाळलं की तक्रारीच येत नाहीत."

"म्हणजे आठ महिने आपण आराम केलात," सर सौजन्याने म्हणाले. "तीन महिन्यांत आकडा सुधारा. नाहीतर राजीनामा द्या."

आम्रपाली आधी संतापली, मग घाबरली. ही नोकरी लागली तेव्हा आईने खडकीच्या क्वार्टर्समध्ये दारोदार पेढे वाटले होते. आता तिला काय सांगायचं?

सोमवारी आम्रपालीने वारज्याच्या दवाखान्यातल्या प्रोग्राममधून स्टँडर्डच्या चार ओळी काढल्या. दहा मिनिटांत तिथे नंबर लावणाऱ्या द्वारकाबाईंचा फोन आला. "अहो, नंबरच लागेना! पेशंट अंगावर यायला लागलेत."

"पाच मिनिटं द्या, मावशी." आम्रपालीने ओळी परत घातल्या.

"लागला! देवासारख्या धावून आलात हो!"

आम्रपालीला लाज वाटली. तक्त्यात मात्र एक आकडा चढला. मग तिने दवाखान्यांचं वेळापत्रकच आखलं: मंगळवारी कोथरूड, बुधवारी हडपसर. तीन महिन्यांत सहाशे तक्रारी निवारल्या. योगेश जळून खाक झाला. कंपनीने परिपत्रक काढलं की यापुढे स्टँडर्ड पाळणाऱ्यास लेखी खुलासा द्यावा लागेल.

आम्रपालीला बढती मिळाली. सत्काराच्या वेळी सरांनी तिला ग्राहकांच्या अभिप्रायांची जाडजूड फाईल दिली. पानोपानी पाच तारे, पानोपानी आशीर्वाद. आम्रपाली तारखा बघत गेली. सगळं नीट चालत होतं त्या आठ महिन्यांत एकाही माणसाने एक ओळ लिहिलेली नव्हती. तुमचाही अभिप्राय होता त्यात. तोसुद्धा प्रोग्राम बंद पडल्यानंतरचाच होता.