शहाण्णव खड्ड्यांचं किट

भार्गवीच्या कॉलेजला सुट्टी लागली होती, म्हणून तिने संशोधनासाठी मागवलेलं किट जानेफळच्या घरी येऊन पडलं. फोनवर तिने वडिलांना बजावलं, "बाबा, फ्रिजमध्ये ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको."

मोतीराम शाळेतले निवृत्त क्लार्क. त्यांनी दूध, दही, मिरच्या सगळं बाहेर काढलं आणि खोका एकटाच आत बसवला. मग विचारलं, "याच्यात हाय तरी काय?"

"पेशीच्या पडद्यातून चरबी बाहेर नेणारं एक प्रथिन असतं, बाबा. ते रक्तात किती आहे, ते यानं कळतं. आतल्या ताटलीला शहाण्णव बारीक खड्डे असतात, एका वेळी सगळ्यांत रक्त घालता येतं."

कय्यूमच्या चहाच्या टपरीवर पोचेपर्यंत मोतीरामांची छाती फुगली होती. "माही भार्गवी चरबी मोजते. एकाच टायमाले शहाण्णव लोकायची!"

"उपाशी यावं लागते काय?" शेजारच्या इंद्रभानने विचारलं.

मोतीरामांना ते माहीत नव्हतं. पण माहीत नाही म्हणवेना. "हाव. पाणीबी नाही."

दुसऱ्या दिवशी अंगणात रांग लागली. मोतीरामांनी वहीत नावं लिहून नंबर वाटले. अकराच्या एसटीने भार्गवी आली, तेव्हा आकडा एकाहत्तरवर गेला होता, पहिल्या नंबरच्या कोकिळाबाई बाही वर करून बसल्या होत्या आणि इंद्रभान भिंतीला टेकला होता.

"बाबा, हे काय?"

"तुह्या कामाचीच माणसं!"

भार्गवीने खोका काढून त्यावरची अक्षरं दाखवली. "बाबा, हे उंदराच्या रक्तासाठी आहे. माणसाचं यात मोजता येत नाही."

"म्हंजे उंदरापायी मी सकाळपासून उपाशी?" इंद्रभान ओरडला.

मोतीरामांना मान वर करवेना. भार्गवीच पुढे झाली. "काका, चूक माझी. मी आधी सांगायला हवं होतं. आधी उंदरांवर बघायचं, मग माणसांसाठी औषध. बसा, पोहे टाकते."

दुसरी बशी संपवता संपवता इंद्रभान म्हणाला, "उंदराचं रक्त काढते हे पोरगी? मले त सुई पाह्यली का चक्कर येते बे!" रांगेतून कौतुकाचे उद्गार निघाले. मोतीरामांची मान हळूहळू ताठ झाली.

पुढच्या दिवशी सकाळीच कय्यूम दारात उभा. हातात पिंजरा, पिंजऱ्यात लठ्ठ उंदीर.

"भाऊ, भार्गवीसाठी आनला. कालपासून याले काहीच खाऊ देल्लं नाही. आपल्या जानेफळचा हाय, रिपोट एक नंबर यीन!"