ज्वारीचा फोन

वाघमारे मेजर रोज सकाळी ज्वारीला फोन लावत. मी थट्टा करत नाही. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या धान्य साठवण संशोधन कार्यालयात दहाच्या ठोक्याला ते एक काळा रिसीव्हर कानाला लावत आणि डोळे मिटून उभे राहत. वायरचं दुसरं टोक मागच्या गोदामात, पत्र्याच्या कोठीत, ज्वारीच्या पोटात खुपसलेलं. किडा दाणा कुरतडू लागला की ऐकू येतो, असं त्यांचं म्हणणं. दोन मिनिटं ऐकून ते वहीत लिहीत, 'तीन नंबर, तब्येत बरी.' मग 'ओव्हर' म्हणून रिसीव्हर ठेवत. ज्वारीशी संबंध बिघडू नयेत म्हणून असेल.

मेजर हे अर्थातच मेजर नव्हते. लष्कराच्या सिग्नल्समधून नाईक म्हणून निवृत्त झाले होते. पण आमच्या सातारा-सांगलीकडे पलटणीतून धडपणे परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. कार्यालयात त्यांचं पद प्रयोगशाळा परिचर, म्हणजे चहा आणि चाव्या. माझं पद कनिष्ठ संशोधन सहायक, म्हणजे टायपिंग.

संशोधन साहेब करत. सोंडकिड्यावर डॉक्टरेट मिळवलेला हा मनुष्य. नव्वदीच्या त्या वर्षांत 'अन्नसुरक्षा' हा शब्द आमच्याकडे नवानवा आला होता आणि साहेबांच्या प्रकृतीला तो फार मानवला. पुण्या-दिल्लीच्या परिषदांत ते अन्नसुरक्षेवर बोलत, दुपारी तिथेच जेवत आणि निदान एका माणसापुरता प्रश्न सोडवून परत येत. त्यांचे अहवाल मी तीन प्रतींत टाइप करी. तिसरी प्रत गोदामात जाई. ती कसर खाई. आमच्या अहवालांचा एवढा बारकाईने अभ्यास दुसऱ्या कुणी केला नाही.

मेजरांचा सिद्धांत मात्र एका वाक्यात बसे. "धान्य हाय, मानसं हायत, मदी लाईन न्हाई." साहेबांना चहा देतानाही ते हेच सांगत. "आवं सायेब, ज्वारी आत तापती, कुजती, आन आपल्याला वास आल्यावर कळतंय. तिला बोलता आलं पायजे." साहेब म्हणत, "वाघमारे, साखर कमी."

पलूसजवळच्या एका गावात आमची एक कोठी होती. शेत नसलेल्या काही बायका सुगीत मजुरीची ज्वारी तिच्यात एकत्र साठवत आणि पावसाळ्यात काम नसलं की वाटून घेत. कोठी आक्कांच्या पडवीत. आक्का एकट्याच राहणाऱ्या, साठीच्या. पलीकडच्या भिंतीला लागून दूध डेअरी आणि डेअरीत गावातला एकुलता एक फोन. हे पाहिल्यावर मेजरांना राहवेना.

अंडी उबवायच्या यंत्रातला थर्मोस्टॅट, गजराच्या घड्याळाचं यंत्र आणि पत्र्याची एक दातेरी चकती, एवढ्यावर त्यांनी काम भागवलं. ज्वारी तापली की घड्याळ सुरू होणार, चकती फिरणार, डेअरीच्या फोनवरून आमचा नंबर लागणार आणि आम्हाला 'बर्रर्र' असा आवाज ऐकू येणार. टेलिफोन खात्याची परवानगी मागितली नाही. मागितली असती तर ती पुढच्या शतकात आली असती.

यंत्राचं कळताच साहेबांनी ते दाखवायला पुण्याहून पाहुणे बोलावले. आम्ही सगळे सांगलीत फोनभोवती बसलो. तिकडे मेजरांनी थर्मोस्टॅटला गरम पाण्याची पिशवी लावली. आमचा फोन मात्र ढिम्म. चकतीला एक दात कमी पडला होता आणि नंबर भलताच लागला होता. मेजरांनी तिकडे रिसीव्हर उचलून ऐकलं, तर सांगलीतल्या कुठल्याशा मंगल कार्यालयाचा मॅनेजर विचारत होता, "जेवायला पानं किती धरायची?"

यंत्र ताबडतोब काढावं, असा मेमो निघाला. मीच टाइप केला. मेजरांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि रविवारी गावाला जाऊन चकतीला एक दात वाढवून आले.

भाद्रपदात एका दुपारी फोन वाजला. साहेब दिल्लीला, अन्नसुरक्षेसाठी. मी उचलला तर 'बर्रर्र'. "मेजर," मी म्हणालो, "तुमच्या ज्वारीचा फोन." मला वाटलं हसतील. ते रिसीव्हर कानाला लावून नुसते उभे राहिले आणि मग बूट घालू लागले. टाइप करायला काही नव्हतं, म्हणून मीही एस्टीत बसलो.

कोठी वरून कोरडी दिसत होती. मेजरांनी कोपरापर्यंत हात खुपसला आणि माझाही हात धरून आत घातला. आत ज्वारी तव्यासारखी लागत होती. पडवीच्या पत्र्याला खिळ्याचं भोक पडलं होतं आणि झाकणाच्या कडेनं थेंब-थेंब पाणी मुरत होतं. आक्कांनी हाका मारल्या. बायका जमल्या, ज्वारी उपसून डेअरीच्या फरशीवर पसरली. डेअरीचा सेक्रेटरी आधी कुरकुरला, मग त्यानेच पंखा लावला. दोन बुट्ट्या ज्वारी गेली, बाकीची वाचली.

संध्याकाळी आक्कांच्या पायरीवर बसलो असताना मी विचारलं, "मेजर, हे खूळ आलं कुठून?"

त्यांनी बाहीला चिकटलेला एक दाणा काढून तळहातावर घेतला. "मी लडाखला हुतो तवाची गोष्ट. डोंगरावरच्या चौक्या लाईनीनं जोडायचो. हिकडं आईनं पेवात ज्वारी घातली हुती. जमिनीतनं पाझर लागला, सगळी काळी पडली. तीच धुवून, वाळवून खात हुती. आन मास्तरांकडनं मला पत्र लिवून घ्यायची, पोटभर जेवते, काळजी करू नको." त्यांनी दाणा खिशात टाकला. "रजेवर आलो तवा वळखू आली न्हाई. फुडच्या रजेला नव्हतीच."

तेवढ्यात आक्का दारात आल्या. "हात धुवा. दोन घास खाऊन जावा."

"तुमी जेवलासा का?" मेजरांनी विचारलं.

"जेवलो की मगाशी."

"काय जेवला?"

"भाकरी आन कोरड्यास. आता आनि काय असतंय?"

मेजर उठले, बूट काढले आणि न विचारता आत गेले. त्यांनी टोपल्यावरचं फडकं उचललं. मी मागून बघितलं. आत दोनच भाकरी होत्या, शेजारी दोनच थाळ्या मांडलेल्या. आक्का पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या.

मेजरांनी फळीवरून तिसरी थाळी काढली, फुंकर मारून पुसली, आपली भाकरी मोडून अर्धी तिच्यात ठेवली आणि थाळी आक्कांच्या पुढ्यात सरकवली.

"बसा," ते म्हणाले. "तुमी जेवा. मी बघतो."