लीलाबाईंच्या गुडघ्यांसाठी गाडी खाली आणण्याची योजना

कोणाचेही हित करायचे असेल तर त्याला आधी विचारू नये. विचारले की तो काहीतरी सांगतो, आणि मग नेमके तेच करावे लागते. सरकारांना हे माहीत आहे, कारखान्यांना माहीत आहे, आणि झाशीच्या मार्तंडराव हर्डीकरांना तर नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळले होते.

मार्तंडराव एका सरकारी इंजिनिअरिंग कंपनीत सुरक्षा अधिकारी. त्यांचे पूर्वज सुभेदाराच्या दफ्तरात कारकून म्हणून दक्षिणेतून आले. पुढे दफ्तर गेले, पण टिपण लिहिल्याशिवाय काही करायचे नाही ही सवय घराण्यात राहिली. घरात ते, पत्नी अलकनंदा, बँकेच्या परीक्षा देत असलेला मुलगा स्वानंद आणि एकोणऐंशी वर्षांच्या मातोश्री लीलाबाई. शिवाय एकोणीस वर्षांची एक पांढरी गाडी. (वयाच्या मानाने दोघींचीही प्रकृती ठीक होती.)

लीलाबाईंचे आठवड्यात एकच बाहेरचे काम असे. रविवारी दुपारी गाडीने खंडेराव गेटपाशी जायचे, भजनाला जमणाऱ्या जुन्या मैत्रिणींत बसायचे आणि पोटभर मराठी बोलून परत यायचे. घरात सून कामात, मुलगा फायलीत, आणि नातवाची मजल "समझ गया, आजी" याच्या पुढे जात नसे. एखादा रविवार चुकला तर त्या आठवडाभर गप्प गप्प असत आणि पानात अर्धी पोळी उरे.

अशात स्वानंदच्या मनात आले की गाडी खाली आणावी. मोबाइलवर तो ज्या गाड्या पाही त्या जमिनीला पोट टेकवून चालत, आणि त्याच्या मित्राचे, जयदीपचे, लग्न जवळ आले होते. "बाबा, गाडी थोडी लो कराते हैं ना," तो म्हणाला. "बारात में ऐसी ले जाऊँगा तो टहरौली गाँव की सवारी जीप लगेगी."

"शौकासाठी मंजुरी देता येत नाही," मार्तंडराव म्हणाले. "लाभार्थी कोण?"

स्वानंदने थोडा विचार केला आणि आतल्या खोलीकडे पाहिले. "आजी. आजी के घुटने."

मार्तंडरावांचा ऊर भरून आला. परीक्षेत काही का होईना, मुलगा प्रशासनात चमकणार हे त्यांना त्या क्षणी दिसले. त्याच संध्याकाळी टिपण तयार झाले: 'ज्येष्ठ नागरिकाची गाडीत चढण्याची उंची कमी करणे'. (म्हातारे गुडघे चढताना दुखतात त्याहून जास्त खालून उठताना दुखतात, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. पण जग त्या बैठकीला हजर नव्हते.)

गाडी सुरक्षितपणे खाली आणायची एक शास्त्रशुद्ध रीत आहे. कमी उंचीच्या नव्या स्प्रिंगा, त्यांना जुळणारे शॉकअप, आतले रबर नवे आणि शेवटी चाकांची अलाइनमेंट. मार्तंडरावांनी ती जशीच्या तशी टिपणात उतरवली, कारण सुरक्षेबाबत ते तडजोड करीत नसत. मग त्यांनी अंदाजे खर्च काढला. तो गाडीच्या किमतीच्या वर गेला. तेव्हा सुरक्षेला धक्का न लावता काटकसर करावी असे ठरले. नव्या स्प्रिंगांची गरज नव्हती, कारण जुन्या होत्याच आणि त्या कापता येत होत्या. शॉकअप गळत होते, म्हणजे आत तेल होते. रबराच्या जागी स्वानंदच्या जुन्या चपलांचे तळ बसणार होते. अलाइनमेंट नाही केली तर गाडी फार तर डावीकडे ओढेल, आणि आपल्या देशात वाहन डावीकडूनच चालवायचे असते. एवढे सगळे वजा केल्यावर सुरक्षेच्या सदरात जी रक्कम उरली तिचा 'सुरक्षा सर्वप्रथम' असा स्टिकर घेतला. तो मात्र चांगल्या प्रतीचा घेतला, तिथे त्यांनी हात आखडला नाही.

नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागवली. एक हरप्रसाद मिस्त्रीचे, एक त्याच्या मेहुण्याचे आणि एक त्याच्या बायकोचे. तिन्हींचे अक्षर सारखेच सुवाच्य होते. सर्वांत कमी दर असल्याने काम हरप्रसादला मिळाले आणि स्पर्धा निकोप झाल्याची नोंद झाली.

कामाच्या दिवशी गाडीच्या आसपास असलेल्या प्रत्येकाला मार्तंडरावांनी कारखान्यातले पिवळे हेल्मेट घालायला लावले. ओसरीवर मटार सोलत बसलेल्या लीलाबाईंनाही घातले.

"कित्तो काटने है, साब?" हरप्रसादने विचारले.

"जितना सुरक्षित हो," मार्तंडराव म्हणाले. हरप्रसादने मान डोलावली आणि सळया कापायच्या मशीनने स्प्रिंगांचे दीड-दीड वेटोळे उडवले.

"हे डोक्यावर काय रे घातलंस?" लीलाबाईंनी विचारले.

"आई, तुझ्याच गाडीचं काम चाललंय."

"माझी कुठली गाडी?"

हा प्रश्न विषयाला धरून नसल्याने त्याची नोंद झाली नाही. काम संपले तेव्हा जखमींची संख्या शून्य होती.

पुढच्या रविवारी लीलाबाई गाडीत बसल्या. म्हणजे त्यांनी बसायला सुरुवात केली आणि सीट अपेक्षेपेक्षा बरीच उशिरा आली. गाडी निघाली आणि पहिल्याच गतिरोधकावर पोट घासून अडली. भार कमी करणे भाग होते. मार्तंडराव गाडी चालवत होते, स्वानंद व्हिडिओ काढत होता, अलकनंदांच्या मांडीवर प्रसादाचे भांडे होते. मोकळी अशी फक्त लाभार्थीच होती. तिला आतून एकाने ढकलले, बाहेरून एकाने ओढले. ती चालत पलीकडे गेली, मागून गाडी गेली, आणि ती पुन्हा खाली बसली. आमच्या शहरात ज्याच्या दारात लग्न झाले त्याने एक गतिरोधक घातला आहे, आणि लग्ने पुष्कळ होतात. वाटेत मार्तंडरावांनी समाधानाची पाहणी उरकून घेतली. चारपैकी तीन जण योजनेवर समाधानी होते. (चौथ्या व्यक्तीला त्या वेळी बाहेर काढण्याचे काम चालू होते.)

त्यानंतरच्या गतिरोधकाला उतरल्यावर मात्र लीलाबाई पुन्हा बसल्या नाहीत. गुडघ्यावर हात ठेवून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या.

"मार्तंडा," त्या म्हणाल्या, "तुम्हाला हौस होती तर करायची होतीत. मी काय नको म्हटलं असतं? पण माझे गुडघे कशाला पुढे केलेस रे?"

मार्तंडरावांना खरेच वाईट वाटले. टिपणात कुठे लिहावे हे न सुचल्याने ते तसेच राहिले. खंडेराव गेटला पोचले तेव्हा सतरंजी गुंडाळून झाली होती आणि मैत्रिणी आपापल्या घरी गेल्या होत्या.

पुढच्या रविवारी लीलाबाई म्हणाल्या, "नको, राहू दे." त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना कोणी विचारले नाही. आता त्या खिडकीत बसतात आणि पानात अर्धी पोळी रोजच उरते. जयदीपच्या वरातीत गाडी मात्र फार उठून दिसली.

वार्षिक अहवालात मार्तंडरावांनी लिहिले की योजना राबवल्यापासून गाडीत चढण्याबाबत लाभार्थीची एकही तक्रार आलेली नाही. कंपनीच्या सुरक्षा सप्ताहात हा प्रयोग पहिला आला. बक्षीस घेताना ते आईविषयी दोन शब्द बोलले आणि सभागृहात पुष्कळांनी डोळे पुसले.

वाचकहो, तुम्हाला मार्तंडरावांचा राग आला असेल, आणि तो रास्तच आहे. तो तसाच धरून जरा उठा. घरी 'आईला उकाडा सोसत नाही' म्हणून जो एसी घेतला होता, तो कोणाच्या खोलीत लावला आहे, तेवढे पाहून या.