मधुभाऊंचं बिनतारेचं तुणतुणं

आमच्या शेजारचे मधुभाऊ पोकळ वस्तू दिसली की तिच्यापुढे टाळी वाजवून कान देत. विहीर, हंडा, नळाचा पाइप, काहीही चाले. कर्जत स्टेशनावर त्यांनी रिकाम्या पिंपात टाळी वाजवली, तेव्हा मी ओळख न दाखवता पुढे निघून गेले होते.

नोकरी टेलिफोनची, घरात तारांचं जंजाळ. "आवाज जाऊ द्यायचा नाय, फिरवायचा," हे त्यांचं पालुपद. मुंबईहून आणलेली एक चिप आवाज क्षणभर धरून ठेवी. बाहेर आला की मधुभाऊ तो परत आत ढकलत. नुसती खरखरसुद्धा अशी भराभर गोल फिरली की छेडलेल्या तारेसारखा सूर निघतो म्हणे. मला काडीचं कळत नसे, पण मी मान हलवी. नाहीतर ते पुन्हा पहिल्यापासून सांगत.

हा खटाटोप कुणासाठी, ते उशिरा कळलं. त्यांचे वडील, आबा, खालापूरकडे गावोगाव तुणतुण्यावर भीमगीतं गायलेले. अर्धांगवायूनं उजवा हात गेला आणि दुसऱ्याच्या हातचं तुणतुणं त्यांना चालेना. गाणं बंद पडलं, बोलणंही जेमतेम उरलं.

एका रविवारी मी त्यांच्याकडे चहाला गेले असताना मधुभाऊंनी आबांच्या डाव्या हाताखाली आपल्या यंत्राला जोडलेलं दारावरच्या घंटीचं बटण ठेवलं. आबांनी दाबलं. आतून तुणतुण्याची तार हुबेहूब वाजली आणि वाजतच राहिली. आबांनी दोनदा तोंड उघडलं, मिटलं, मग हात काढून घेतला.

"ही मरतच नाय रं. मी शिरू कुठं?"

मधुभाऊंचा चेहरा पडला. त्यांच्या बायको, वहिनी, पुटपुटल्या, आता हे आठवडाभर जेवणाचं नाव घेणार नाहीत. पण मधुभाऊंनी सोल्डरिंगची सळई तापवली. दर फेरीला आवाज थोडा बोथट करून विझवत न्यायचा, एवढंच त्यांच्याकडून राहिलं होतं. आमचा चहा निवेपर्यंत काम झालं.

आबांनी पुन्हा बटण दाबलं. तार वाजली, हळूहळू विझायला लागली, आणि तिच्या शेवटाला आबांचा आवाज उठला. खरखरीत होता, पण सुरात होता. मला इतकं हायसं वाटलं की मी वहिनींचा हातच धरला.

मधुभाऊ यंत्र सोडून आबांच्या पाठीमागे जाऊन बसले आणि ध्रुवपद आल्यावर मागून सूर मिळवत झील धरली. मी त्यांना कधी गाताना ऐकलं नव्हतं. लहानपणापासून आबांचे झीलकरी हेच, वहिनी म्हणाल्या. आजारपणात आबा गप्प झाले तसे हेही गायचे थांबले होते.

आबांनी मान वळवली नाही. "जरा वर घे रं," एवढंच म्हणाले.

मधुभाऊंनी डोळे पुसले आणि वर घेतलं.